दुखणेकऱ्याच्या दारचं कुत्रं



या व्याख्यानाचा विषय मी कळवला त्याच संध्याकाळी संयोजकांचा फोन आला. आवाजात काळजी होती. "बाई, विषय एवढाच आहे का?" मी म्हटलं, "एवढाच." एका डॉक्टरांच्या स्मृतीसाठी चालवलेली ही व्याख्यानमाला. इथं हृदयविकारावर बोलून झालं, कुपोषणावर झालं, सरकारी आरोग्य धोरणाची तर सालटी काढून झाली. आणि यंदा कुत्रं! मंडळींनी मोठ्या मनानं मान्य केलं. पत्रिकेत मात्र 'आजारपणातील सहवास' असं भारदस्त छापलं. तो सहवास चार पायांचा आहे, हे आता जाहीर करून टाकते. ज्यांना उठून जायचंय त्यांच्यासाठी मागचं दार उघडं आहे.

कुणी उठलं नाही. बरं वाटलं.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या जन्मगावी, वैद्यकीय विषयावर अधिकारवाणीनं बोलायचं धाडस मी करणार नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली मी बाई. मधल्या काळात लिम्फोमा झाला, केमोथेरपी झाली, आणि घरात एक कुत्री होती. माझं भांडवल इतकंच. बाकीचं वाचून आणि जाणत्यांना विचारून सांगते.

कॅन्सर आपल्या जिल्ह्याला नवा नाही. उलट खेड्यापाड्यातला कॅन्सर मोजायचा कसा, हे देशाला आपल्या बार्शीनं दाखवलं. 1987 साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी बार्शीत सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांत माणसं गावोगाव फिरली, घरी जाऊन विचारलं, वहीत लिहून घेतलं. पुढं शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, 1 लाख 31 हजारांवर बायकांना घेऊन गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास झाला. एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी केली तरी मृत्यू कमी होतात, हा त्याचा निष्कर्ष 2009 साली जगानं वाचला. आपल्या बायांच्या जिवावर जग शहाणं झालं, आणि त्याचा आपल्याला अभिमान असायला हवा.

म्हणजे रोग कुणाला होतो हे मोजलं. लवकर कसा सापडतो हे मोजलं. पण दोन केमोंच्या मधले दिवस घरात कसे जातात? दुपारचे अडीच वाजलेत. बाहेर बेचाळीस अंश. पंखा गरम हवा खाली ढकलतोय. तोंडाला लोखंडाची चव आहे. मोबाइल बघवत नाही, पुस्तक धरवत नाही, झोप येत नाही. या अडीच वाजण्याचं काय करायचं? त्याचं औषध कुठल्या कागदावर लिहून मिळतं?

आपल्याकडे आजारी माणसाची सेवा चांगली होते, अगदी निगुतीनं होते. आणि गोम तिथंच आहे. "उठू नका." "राहू द्या, मी करते." "तुम्ही फक्त आराम करा." सगळे प्रेमानंच म्हणतात. मात्र हळूहळू त्या माणसाच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं जातं. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पाणी आलं की घर कसं उठतं, हे सोलापूरकरांना काय सांगायचं! पिंप, घागरी, बादल्या, गच्चीवरची टाकी, मोटर लाव, मोटर बंद कर, कुणीतरी कुणावर तरी ओरडतंय. वर्षानुवर्षं त्या गडबडीची सेनापती मी. आजारपणात मला खाटेवर बसवून ठेवलं. घरभर पाणी भरलं जातंय आणि माझ्या हातात साधा तांब्याही नाही. केस गेले तेव्हा मला रडू आलं नव्हतं. पाण्याच्या त्या सकाळी आलं.

आता आमच्या कुत्रीची ओळख करून देते. नाव चटणी. रंग शेंगाचटणीचा, म्हणून चटणी. नाव नातवानं ठेवलंय. जात विचाराल तर गल्ली. (चटणीला चटणी देत नाही बरं का. शेंगदाण्याचं एक वेळ चालेल, पण त्यातला लसूण कुत्र्यांना बाधतो. कांदाही बाधतो.) आजारपणाआधी दोन वर्षं ती आमच्याकडे होती. हुशार नाही, आज्ञाधारक तर मुळीच नाही. खेळ मात्र रक्तात.

एका दुपारी नातेवाईक भेटायला आले. मोसंबी आणली, शहाळी आणली आणि चेहरे पाडून ओळीनं बसले. आमच्या चुलत सासूबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "काय होतीस गं, काय झालीस." यावर काय बोलायचं? मी डोक्याला स्कार्फ बांधून बसले होते. त्याचं टोक पाठीमागं लोंबत होतं. खाटेखालून चटणी बाहेर आली, टोक तोंडात धरलं आणि दिला झटका. स्कार्फ तिच्या तोंडात, माझं तुळतुळीत डोकं सगळ्यांसमोर, आणि बाईसाहेब अंगणात. तुळशीवृंदावनाला एक फेरी मारून दारात येऊन उभ्या. पुढचे पाय जमिनीला टेकलेले, मागचा भाग वर, शेपूट गरागरा. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे या पवित्र्याला खेळाचं आमंत्रण म्हणतात. पंगतीला बोलवायला अक्षता देतात ना, तशा या अक्षता.

घरात कुणी श्वास घेईना. मी उठले. गुडघ्यात जोर नव्हता, तरी उठले आणि तिच्या मागं लागले. पहिल्या हसल्या त्या चुलत सासूबाई. पदर अजून डोळ्याला तसाच. आणि ओरडल्या, "अगं, पकड की तिला! वृंदावनाच्या त्या बाजूनं जा!"

मंडळी, कित्येक दिवसांनी मला कुणीतरी काहीतरी करायला सांगितलं होतं.

आज मला मांडायचं आहे ते इथं येऊन ठेपतं. आजारी माणसाला आपण सगळं देतो. औषध देतो, दूध देतो, धीर देतो, सल्ले तर न मागता देतो. त्याच्याकडे मागत काही नाही. घरातला एकच जीव त्याच्याकडे मागायचं सोडत नाही, तो म्हणजे कुत्रं. चेंडू फेक. भाकरी दे. दार उघड. खाजव. तुमचा रिपोर्ट काय आला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कुत्र्याची माया, त्याचा इमान, त्याचे डोळे यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. जपानी संशोधकांनी 2015 साली दाखवलं की कुत्रं आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळाच्या बाबतीत काम करणारं हे संप्रेरक. असेल, चांगलंच आहे. पण माझा भर त्याच्या मायेपेक्षा त्याच्या मागणीवर आहे.

आता म्हणाल, बाई परदेशी संशोधन आणून आम्हाला कुत्रं शिकवायला लागल्या. कशाला परदेशी? आपल्या जिल्ह्यात देवाच्या पायाशी कुत्री आहेत. अक्कलकोटला जा, दत्तपरंपरेचं ठिकाण, आणि दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री. बाळ्याच्या खंडोबाला जा, खंडोबाबरोबर कुत्रं. आणि पंढरपूरच्या नामदेवांची गोष्ट तर लहानपणी सगळ्यांनी ऐकलीय. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आपण या गोष्टीत कुत्र्यात देव दिसला, एवढंच बघतो. मला आता वेगळं दिसतं. मला धावणारे नामदेव दिसतात. स्कार्फमागं धावलेल्या बाईला ते दिसणारच.

आणि महाभारताचा शेवट आठवा. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, भाऊ पडले, युधिष्ठिर मागं वळून न बघता चालत राहिला. इंद्राचा रथ समोर उभा, आणि हा माणूस अडला कुणासाठी? मागं मागं आलेल्या कुत्र्यासाठी. राज्य सुटलं, माणसं सुटली, देह सुटायच्या बेतात, आणि त्याला सोडवेना ती आश्रयाला आलेल्या जिवाची जबाबदारी. ते कुत्रं म्हणजे यमधर्म होता, हे नंतर कळलं. अडला तेव्हा त्याच्यासाठी ते नुसतं कुत्रंच होतं.

आता थोडं बाहेर जाऊ. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई सगळ्यांना कंदिलामुळे माहीत आहेत. शुश्रूषेवरचं त्यांचं पुस्तक दीडशेहून जास्त वर्षं जुनं. त्यात त्या म्हणतात की दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला एखादा छोटा पाळीव प्राणी हा उत्तम सोबती. पण त्यांची पुढची सूचना कुणी सांगत नाही. रुग्णाला जमत असेल तर त्या प्राण्याला खाऊ घालणं आणि त्याची स्वच्छता त्याची त्यालाच करू द्यावी, तसं प्रोत्साहन द्यावं, असं त्या सुचवतात. बाई नर्स होत्या. त्यांना कळलं होतं.

मग शंभर वर्षं वैद्यकानं याकडे फारसं बघितलं नाही. अमेरिकेत बोरिस लेव्हिन्सन नावाचे बालमानसशास्त्रज्ञ होते. त्यांचा कुत्रा जिंगल्स. कुणाशी न बोलणारा एक मुलगा ठरल्या वेळेच्या आधीच आईबरोबर आला, कुत्रा नेमका खोलीत होता, आणि मूल त्याच्याशी खेळायला लागलं. लेव्हिन्सननी 1961 साली हा अनुभव मानसशास्त्रज्ञांच्या सभेत मांडला. सांगतात की लोक हसले. कुत्र्याला फीचा किती वाटा देता, असंही विचारलं गेलं. विद्वानांची सभा सगळीकडे सारखीच! आज मात्र प्रशिक्षित कुत्री घेऊन रुग्णांकडे जाणं अनेक देशांत रुजलंय. आपल्याकडेही मुंबई-पुण्यात मीनल कविश्वर यांच्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशननं या कामाचा पाया घातला.

पण मला सगळ्यात जवळचा दाखला सापडला तो एका मराठी घराण्यातल्या डॉक्टरांच्या पुस्तकात. अतुल गावंडे. जन्म अमेरिकेत, मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उमरखेडजवळचं उटी. त्यांचं 'बीइंग मॉर्टल' हे पुस्तक 2014 सालचं. त्यात त्यांचे आजोबा सीताराम गावंडे भेटतात. वय शंभराच्या पुढं, आणि रोज रात्री घोड्यावर बसून शेताची फेरी. घरच्यांनी घोडं बंद केलं नाही. बुटकं घोडं आणून दिलं. वा! याला म्हणतात सेवा. म्हातारा जवळजवळ एकशेदहा वर्षं जगला आणि गेला तोसुद्धा तालुक्याच्या कामाला जाताना, बसमधून उतरताना पडून.

त्याच पुस्तकात न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन नावाच्या छोट्या गावातलं एक शुश्रूषागृह आहे. 1991 साली तिथं बिल थॉमस नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. ऐंशीच्या आसपास वृद्ध, बरेचसे आजारी, आणि सगळ्या इमारतीवर कंटाळ्याची कळा. या गृहस्थांनी काय आणावं? दोन कुत्री, चार मांजरं आणि शंभर पक्षी. एकदम शंभर! पक्षी आले, पिंजरे आलेच नव्हते. आणणाऱ्यानं पक्षी केस कापायच्या खोलीत सोडले, दार लावलं आणि तो निघून गेला. पिंजरे मागाहून आले ते सुटे, जोडायचे. कर्मचारी आत पक्ष्यांमागं धावताहेत, पिसं उडताहेत, आणि काचेबाहेर खुर्च्यांवरची म्हातारी मंडळी पोट धरधरून हसताहेत. सरकारी तपासनीस त्या दिवशी आला असता तर? विचार करा.

पुढं काय झालं? जे बोलत नव्हते ते बोलू लागले. अंथरूण न सोडणारे परिचारिकांच्या टेबलापाशी येऊन म्हणू लागले, कुत्र्याला मी फिरवून आणतो. पक्षी म्हाताऱ्यांनी वाटून घेतले, त्यांची नावं ठेवली. दोन वर्षांनी शेजारच्या तशाच एका शुश्रूषागृहाशी तुलना केली तर माणशी औषधं निम्म्यावर आली होती आणि मृत्यू 15 टक्के कमी होते. पक्ष्याची किलबिल ऐकून हे झालं का? थॉमस यांचं म्हणणं, माणसाला जगायला कारण लागतं. सकाळी उठून कुणाच्या तरी वाटीत दाणे टाकायचे आहेत, हे त्या माणसांना मिळालेलं कारण.

गणिताची बाई आहे, तेव्हा आकड्यांबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय सोडणार नाही. 1980 साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन यांनी हृदयविकारानं दवाखान्यात आलेल्या 92 रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. घरी प्राणी असलेल्या 53 जणांपैकी 3 दगावले. नसलेल्या 39 पैकी 11. केवढा फरक! त्यावरून लोकांनी नाचायला सुरुवात केली. पण 92 ही संख्या लहान आहे. शिवाय कुत्रं पाळणारा माणूस मुळातच थोडा धडधाकट असू शकतो. पुढं ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात तर उलटं चित्र दिसलं. तेव्हा कुत्र्यानं कॅन्सर बरा होतो, हृदय दुरुस्त होतं, असं कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर पुढं ढकलू नका. मी बरी झाले ती औषधांनी. चटणीनं मला बरं केलं नाही. चटणीनं माझे अडीच वाजवले. म्हणजे, अडीच वाजलेले तिनं खेळून काढले.

दुःखाच्या बाजूकडेही यायला हवं. सिग्मंड फ्रॉइड. माणसाच्या मनाच्या तळघराचे दरवाजे उघडणारा माणूस. 1923 साली त्याच्या जबड्यात कॅन्सर निघाला. पुढची सोळा वर्षं तीसवर शस्त्रक्रिया झाल्या. तोंडात कृत्रिम टाळू, बोलताना त्रास, खाताना त्रास. या काळात त्याला सोबत मिळाली चाऊ जातीच्या कुत्र्यांची. योफी नावाची कुत्री रुग्णांच्या भेटीवेळी खोलीतच बसायची आणि वेळ संपली की उठून उभी राहायची. त्याला घड्याळ बघावं लागत नसे, असं त्याचा मुलगा सांगे. 1937 च्या जानेवारीत योफी गेली.

याच सुमारास फ्रॉइडची मैत्रीण मारी बोनापार्ट हिनं आपल्या टॉप्सी नावाच्या कुत्रीवर पुस्तक लिहिलं. टॉप्सीलाही ओठात कॅन्सरची गाठ झाली होती आणि तिच्यावर उपचार चालले होते. कॅन्सरच्या कुत्रीवरचं पुस्तक, आणि त्याचा जर्मन अनुवाद कुणी करावा? जबड्यात कॅन्सर असलेल्या ऐंशीच्या घरातल्या फ्रॉइडनं, मुलगी ॲनाला बरोबर घेऊन. बाहेर नाझींची सावली व्हिएन्नावर पडत होती. मी ते वाचून थांबले. काय शोधत असेल तो त्या ओळींत?

(आपल्या सोलापुरातल्या कानडी शेजाऱ्यांना इथं '777 चार्ली' आठवला असेल. 2022 चा सिनेमा. त्यातल्या कुत्रीलाही कॅन्सर, आणि तिला घेऊन हिमालयाकडे निघालेल्या नायकाचं नाव धर्मा. युधिष्ठिराची वाट कानडीतही माहीत आहे.)

फ्रॉइडचा शेवट मात्र सिनेमासारखा नाही. 1939 साली लंडनमध्ये, अखेरच्या आठवड्यांत, जखम सडली. वास असा यायचा की त्याची लाडकी कुत्री ल्युन खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. बोलावलं तरी जवळ येत नसे. 23 सप्टेंबरला तो गेला. कुत्र्यांवर लिहिणारे बरेच जण हा भाग गाळतात. मी गाळणार नाही. कुत्रं देवदूत नाही. त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे, आणि कधी कधी ते नाक त्याला दूर नेतं. त्याच्याकडून शेवटपर्यंत उशाशी बसायची अपेक्षा ठेवू नका. ते आपल्यासारखं शब्दाला बांधलेलं नाही.

आता सगळ्यात रूक्ष आणि सगळ्यात गरजेचा भाग. या सभागृहात अशीही माणसं आहेत ज्यांच्या मुलाला गल्लीतल्या कुत्र्यानं फाडलंय. त्यांच्या मनात माझं भाषण ऐकताना एकच म्हण असणार: भीक नको पण कुत्रं आवर. त्यांचं चुकत नाही. रेबीज एकदा लक्षणांवर आला की माणूस जवळजवळ हमखास जातो, आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त आपल्या देशात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि थेट लस घ्यायला जा. हळद नको, चुना नको. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून जुन्या माणसांच्या मनात आहे. ती लस बंद होऊन वीस वर्षं झाली.

आणि केमो चालू असेल तर? पांढऱ्या पेशी खाली गेल्या की कुत्र्याच्या तोंडातले एरवी निरुपद्रवी जंतूही महागात पडतात. म्हणून कुत्र्याला तोंड चाटू द्यायचं नाही, जखम तर नाहीच. त्याची घाण रुग्णानं उचलायची नाही. त्याच्या लसी आणि जंताचं औषध वेळच्या वेळी. हात लावला की साबणानं हात धुवायचे. ओरखडा आला तर लपवायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचा. शिवाय उलट बाजूही आहे. केमोनंतर दोन दिवस तरी रुग्णाच्या लघवीत, उलटीत औषधाचा अंश असतो. कुत्र्याला त्याच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही. या सगळ्याबद्दल आपल्या डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. "घरात कुत्रं आहे" हे सांगायला लोक लाजतात. लाजायचं काय त्यात?

माझ्या पेशी खाली गेल्या तेव्हा डॉक्टरांनी चटणीला खोलीबाहेर ठेवायला सांगितलं. बरोबरच होतं. पहिल्या दिवशी ती दाराशी रडली. दुसऱ्या दिवशी दाराच्या खालच्या फटीतून चेंडू आत आला. आमच्या जुन्या घराची दारं जमिनीला टेकत नाहीत, हे एरवी माझं दुखणं. पाली येतात, धूळ येते. तेव्हा मात्र सोय झाली. चेंडूला हात लावायचा नाही. मग मी खुर्चीत बसून चपलेनं तो परत ढकलायची. पलीकडून नाकानं आत, अलीकडून चपलेनं बाहेर. कधी चेंडू खाटेखाली जायचा. मग काठी घेऊन वाकायचं, काढायचा, दम खायचा. सुनेनं बाहेरून विचारलं, "आई, काय करताय?" मी म्हटलं, "कामात आहे."

आणखी एक गोष्ट, ती सांगताना मला कुणाची भीड नाही. हे ऐकून घरी जाऊन आजारी माणसाला कुत्र्याचं पिल्लू भेट द्यायचं कुणाच्या मनात असेल तर कृपा करून देऊ नका. पिल्लू रात्रभर ओरडतं, चावतं, सगळीकडे घाण करतं, त्याच्या लसी व्हायच्या असतात. मग ते कुणी करायचं? घरातल्या सुनेनं. ती आधीच डबा करते, रिपोर्ट आणते, हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला नेते-आणते. वर हे पिल्लू! आजारी माणसाच्या करमणुकीचा खर्च घरातल्या बाईच्या पाठीवर टाकायचा नाही. कुत्रं आधीपासून असेल तर त्याला घालवू नका, मी एवढंच म्हणते. कॅन्सरचं निदान झालं की पहिल्या आठवड्यात कुत्रं शेतावर नाहीतर कुणाकडे तरी सोडून येतात. ऐकलंय ना हे? घरातला उपद्रव कमी करायला म्हणून. पण ते कुत्रं कुणाचं होतं? सकाळी त्याला बाहेर कोण न्यायचं? तेच माणूस आता आत झोपलंय.

आजाऱ्याला न सोडण्याची ही गोष्ट जुनीच आहे. जर्मनीत बॉनजवळ 1914 साली एक कबर सापडली. चौदा हजार वर्षांपूर्वीची. एक पुरुष, एक बाई आणि एक पिल्लू. 2018 साली त्या पिल्लाच्या दातांचा अभ्यास झाला. त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता, कुत्र्यांचा जीवघेणा आजार. आठवडेच्या आठवडे ते आजारी होतं. माणसांनी पाणी पाजल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय, घाण काढल्याशिवाय ते तितके दिवस जगलं नसतं. शिकारीला नेता येणार नाही, राखणीला बसवता येणार नाही, असं ते पिल्लू. तरी कुणीतरी त्याच्याजवळ बसलं. म्हणजे शुश्रूषेचा हा व्यवहार सुरू झाला तेव्हा रुग्ण कुत्रं होतं आणि उशाशी आपण.

वेळ संपत आली असं अध्यक्ष खुणावताहेत. प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्यात. एक घेते.

"घर भाड्याचं आहे. मालकाला कुत्रं चालत नाही. आईची केमो चालू आहे. दिवसभर भिंतीकडे बघत असते. काय करू?"

कुत्रं आणू नका. शेजारी कुणाचं आहे का बघा. लसी झालेलं, साखळीला बांधलेलं, संध्याकाळी पाच मिनिटं दारापर्यंत आणा म्हणावं. आईंनी लांबून बोलायचं, हात लावायचा नाही. आणि त्याच्यासाठी रोज एक भाकरी आईंच्या हातची. पीठ त्यांनी मळायचं, थापायची त्यांनी. उभं राहवत नसेल तर खुर्चीत बसून. वाकडी झाली, करपली, तरी "राहू द्या, मी करते" म्हणायचं नाही. डॉक्टरांना विचारून करा, आणि आठ दिवसांनी मला कळवा.

पुढची चिठ्ठी द्या.